हलक्या दगडाची लिफ्ट

दगड काढायचा असा निरोप आला तेव्हा महिपत सावर्ड्याच्या बाजारात सुके बोंबील निवडत उभा होता. फोन रत्नागिरीहून होता, शेवंती अपार्टमेंटच्या सेक्रेटरीचा.

"महिपतराव, सलिल लिमये बोलतोय. आमच्या लिफ्टमध्ये तुम्ही लावलेला दगड काढून टाकायचाय. सगळा. त्या जागी साधा स्टीलचा पत्रा लावून द्या. मीटिंगमध्ये ठराव झालाय."

"का हो? सुटला कुठं?"

"सुटला असता तर बरं झालं असतं," सलिल म्हणाला. "उद्या या, मग बोलू."

दगड सुटायचा नाही हे महिपतला ठाऊक होतं. लिफ्टच्या आतून खरा दगड लावून देणारा कारागीर या जिल्ह्यात आपणच, असं तो चारचौघांत सांगत असे, आणि यात थोडी फुशारकी असली तरी फारसं खोटं काही नव्हतं. लोकांना वाटतं दगड म्हणजे दगड, उचलला आणि चिकटवला. तसा बोटभर जाडीचा दगड सहा माणसांच्या लिफ्टला तिन्ही बाजूंनी लावला, तर माणसं जिन्याने जातील आणि दगड तेवढा मजेत वर-खाली फिरेल. म्हणून कारखान्यात दगडाचा पापुद्रा काढतात, दोन-तीन पापड एकावर एक ठेवावेत एवढाच जाड, आणि त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची जाळी चिकटवतात, मधाच्या पोळ्यासारखी, आतून पोकळ. समोरून बघाल तर अस्सल डोंगर, आणि उचलायला गेलात तर हलक्या फळीएवढं वजन. महिपत हे काम मुंबईत शिकला आणि पाच वर्षांपूर्वी गावी परतला. इकडे हॉटेलं उभी राहत होती, दवाखाने उभे राहत होते. हाताला काम होतं.

फक्त शेवंती अपार्टमेंटचं नाव निघालं की तो विषय बदलायचा. गेले दोन महिने रत्नागिरीत काम असलं तरी तो नाचणे रस्ता टाळून लांबच्या वाटेने जाई. बायकोने, राजश्रीने, एकदा विचारलंसुद्धा, "त्या रस्त्यावर काय वाघ बसलाय काय तुमचा?" तो हसला आणि ताटावरून उठला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तो हत्यारांची पिशवी घेऊन शेवंतीच्या फाटकाशी उतरला. वैशाखाचं ऊन तापलं होतं. वॉचमन बाळा सावलीला खुर्ची ओढून बसला होता. बाळा पावसकडचा, पन्नाशीचा, बोलघेवडा माणूस. पण आज त्याने पिशवीकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

"आलास? बरा झाला. मी ह्या लिफ्टीत पाय ठेवीत नाय आता. चार माळे चढीन, पन ह्यात नाय."

"होतंय तरी काय?"

"रोज अकरा वाजून वीस मिनटांनी ती आपसूक तिसऱ्या माळ्यावर जाऊन उभी ऱ्हाते. कोन बटन दाबीत नाय. तिसऱ्या माळ्यावरचा बटन आपला आपन पेटतो. दार उघडतां नि उघडाच ऱ्हातां. मंग मिटतां. कंपनीचा मानूस तीनदा येऊन गेला. बटन बदललान, आतली प्लेट बदललान. काय फरक नाय." बाळाने आवाज उतरवला. "आनि आतल्या भिंतीवर ती दिसते."

"कोण?" महिपतने विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"आगाशे बाई. दुसरी कोन?"

तेवढ्यात सलिल कामावर जाण्याच्या गडबडीत खाली आला. चाळिशीचा, बँकेत नोकरीला, स्वभावाने सरळ. त्याने दोन वाक्यांत विषय संपवला. सुट्टीला मुंबईहून आलेली पोरं लिफ्टमध्ये घाबरून रडली, एका घरचे पाहुणे चार दिवस आधी परत गेले, आता लोक ऐकायला तयार नाहीत. "आगाशे काकांनी हो म्हटलंय," तो म्हणाला. "तरी काढायच्या आधी त्यांना एकदा विचारा. ते या वेळेला तिसऱ्या मजल्यावर बसलेले असतात." एवढं बोलून तो स्कूटरवर बसला आणि गेला.

महिपत केबिनमध्ये शिरला. मागच्या भिंतीला दोन मोठे काप शेजारी-शेजारी होते. एकाच दगडाचे लागोपाठ निघालेले दोन पापुद्रे पुस्तकाची पानं उघडावीत तसे उघडून लावायचे, म्हणजे डावीकडची दगडातली रंगाची नस उजवीकडच्या नसेला बरोबर मध्यावर येऊन भेटते. दिसायला फार देखणं. पण त्यात एक धोका असतो. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की दगडात तोंडं दिसायला लागतात. डोळे दिसतात, नाक दिसतं, कधी बैल, कधी माणूस. मुंबईतल्या उस्तादाने महिपतला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की काप आधी जमिनीवर मांडायचे, दहा पावलं मागे जायचं, डोळे किलकिले करून बघायचं, आणि माणूस दिसला तर एक काप फिरवायचा. लोकांच्या घरात कोणाला नेऊन उभं करशील सांगता येत नाही, असं उस्ताद म्हणे. महिपत हा नियम कधी मोडत नसे. या कामातही त्याने काप खाली मांडून बघितले होते, मोबाईलवर फोटोही काढला होता.

आता भिंतीवर बाई होती. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेली, गुडघ्यांवर हात ठेवलेली, मान खाली घालून पायरीवर बसलेली. ओळखायला चेहऱ्याची गरज नव्हती. थकलेलं माणूस बसतं तशी ती बसली होती.

महिपतने मोबाईल काढला, तो जुना फोटो शोधला आणि भिंतीशेजारी धरला. तपकिरी नस कुठून सुरू होते, कुठे फाटे फुटतात, कुठे पांढरा ठिपका आहे, सगळं त्याने बोट ठेवून-ठेवून ताडून पाहिलं. एकही रेघ वेगळी नव्हती. फोटोत बाई नव्हती आणि भिंतीवर होती. तो घाईने केबिनच्या बाहेर आला आणि पिशवी तिथेच ठेवून जिन्याच्या पायरीवर बसला.

लीला आगाशे चौथ्या मजल्यावर राहत. भूगोलाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, अडुसष्टीच्या, आदल्या वर्षी हृदयात दोन स्टेंट घातलेल्या. अख्खी इमारत त्यांना बाई म्हणायची. लिफ्टला काय लावायचं यावर मीटिंगमध्ये वाद झाला तेव्हा प्लॅस्टिकचा लाकडी देखावा नको, दगड लावा, असा हट्ट त्यांनीच धरला होता. फेब्रुवारीत माल आला त्या दिवशी त्या मुद्दाम खाली उतरल्या आणि महिपत नको-नको म्हणत असताना त्यांनी एक लहान काप एका हाताने उचलला. "अरे महिपत, जन्मभर पोरांना दगड शिकवले, पण दगडाने माझ्यावर एवढी दया कधी केली नव्हती," त्या म्हणाल्या होत्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या होत्या. मग हा दगड राजस्थानातला असावा, त्या भागात कोणे एके काळी समुद्र होता, वगैरे त्यांनी त्याला उभ्या-उभ्या सांगितलं. पुढे रोज दुपारी त्या वरून दोरीने पिशवी सोडून त्याला घावन आणि चटणी पाठवत. महिपतला शाळेत कोणी बाईंनी असं मायेने वागवलं नव्हतं. त्याला त्या फार आवडल्या होत्या, आणि म्हणूनच पुढचं सगळं त्याला जास्त जड गेलं.

काय घडलं ते इमारतीला ठाऊक होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं महिपतने राजश्रीलाही सांगितलं नव्हतं.

काप चिकटवले की चोवीस तास ते टेकूवर ठेवायचे असतात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी पट्ट्या आडव्या ठोकायच्या, म्हणजे गोंद सुकेपर्यंत दगड हलत नाही. तेवढा वेळ केबिनमध्ये माणूस उभा राहू शकत नाही, म्हणून लिफ्ट बंद. महिपतने शेवटचे काप गुरुवारी सकाळी लावले. शुक्रवारी दुपारी बाराला त्याने कडेच्या गोंदावर नख दाबून पाहिलं, तर नख वाकलं पण गोंद दबला नाही. आता चार पट्ट्या काढायच्या, कडेचा जादा गोंद खरवडायचा, फडकं मारायचं आणि लिफ्ट चालू करायची. दोन तासांचं काम.

पण तो शिमगा होता. शनिवारी सकाळी ग्रामदेवतेची पालखी महिपतच्या घरी यायची होती. मुंबईहून भाऊ संदेश आला होता, वाडीतले सगळे पुरुष आले होते. कोकणातला माणूस एक वेळ सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला जाणार नाही, पण पालखी दारात येणार असताना गावाबाहेर राहणार नाही. आणि काम देतानाच सलिलने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की काहीही कारण सांगा महिपतराव, शिमग्याचं कारण सांगू नका. घरात आजारी म्हातारी माणसं आहेत. तेव्हा महिपत छातीवर हात ठेवून हो म्हणाला होता. सावर्ड्याची एसटी एक वाजता होती. तिच्यानंतरची संध्याकाळी.

त्याने पट्ट्या तशाच ठेवल्या, दाराला कागद लावला आणि सगळ्यांना सांगितलं, "गोंद ओला हाय. सोमवारपर्यंत कोनी हात लावायचा नाय." पट्ट्या काढायला बाळालाही जमलं असतं. पण मग तू का थांबत नाहीस, असं कोणीतरी विचारलं असतं. एक खोटं बोललं की दुसरं आपोआप तोंडात येतं.

शनिवारी अकराच्या सुमारास पालखी त्याच्या अंगणात वळत होती आणि खिशातला फोन वाजला. बाळा होता. बाई डॉक्टरकडून आल्यात, दम लागलाय, पट्ट्या काढून तेवढ्यापुरती लिफ्ट चालू केली तर चालेल काय, असं तो विचारत होता. ढोल कानाशी वाजत होते. महिपतने एका कानात बोट घातलं आणि ओरडून सांगितलं, "नको. दगड सुटून अंगावर येईल." मग फोन खिशात टाकला आणि पालखीला खांदा दिला. सोमवारी तो परत आला तेव्हा इमारतीखाली चपलांचा ढीग होता आणि बाळाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. बाई तिसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या. लिफ्टच्या दारासमोर पायरीवर बसल्या. तिथेच गेल्या. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

त्या दिवशी महिपतने चार पट्ट्या काढल्या, दगड पुसला आणि कोणाशी न बोलता निघून गेला. पट्ट्या काढताना दगड तसूभरही हलला नव्हता.

आता अकराला दहा मिनिटं कमी होती. तो उठला आणि जिन्याने वर गेला. लिफ्टने जायचा त्याला धीर झाला नाही.

तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या दारासमोर, दत्तात्रेय आगाशे एका स्टुलावर बसले होते. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला चौऱ्याहत्तरीचा सडसडीत माणूस. दोन महिन्यांत सदरा अंगावर मोठा झाला होता. हातात स्टीलचा पेला होता, काठोकाठ पाण्याने भरलेला.

"ये महिपत," ते म्हणाले. "काढायला आलास ना? काढ हो. मी कोणाला अडवणार नाही. आजचा दिवस तेवढा जाऊ दे."

महिपत पायरीच्या कडेला टेकला. जिन्याच्या जाळीतून गरम वारा येत होता. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी मिक्सर चालू होता, तो थांबला.

अकरा वीसला भिंतीवरचं बटण पेटलं. त्याच्या जवळपास कोणाचा हात नव्हता. खालून लिफ्ट निघाल्याचा आवाज आला. दार उघडलं. समोरच्या भिंतीवर ती बसलेली होती, मान खाली घालून, त्यांच्याकडे तोंड करून.

"लीला, पाणी आणलंय," दत्तात्रेय हळू आवाजात म्हणाले आणि पेला पुढे धरला.

दार उघडंच राहिलं. महिपतने मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या पुढे त्याला मोजवेना. मग दार मिटलं. दत्तात्रेयांनी पेला मांडीवर घेतला.

"रोज आणतो. घेत नाही. रागावल्येय माझ्यावर."

"तुमच्यावर कशाला रागावतील, काका?"

"मग कोणावर?" ते म्हणाले. "तिने मला खाली सांगितलंन, मी बाळाच्या खुर्चीवर बसत्ये जरा, दम खाते, मग बघू. मी म्हटलं, अगं, सोमवारपर्यंत बसणारेस का तिथे? चढ हळूहळू. दोन मजले चढली. इथे आलो तेव्हा म्हणाली, आता नाही जमत. मी म्हटलं, अजून एकच जिना. असं मी म्हटलं, महिपत. मग पाणी मागितलंन. मी उठलो तर म्हणते, जाऊ नको, बस जरा. पाणी पण हवं आणि मी पण हवा. मी गेलो वर. कुलूप उघडेना माझ्याच्याने. परत आलो तर सगळं झालेलं."

त्यांनी पेल्यातलं पाणी बघितलं, जणू त्यात काही पडलंय का ते तपासत होते.

"मला एक गोष्ट नक्की करून हवी आहे. तू कारागीर आहेस, तुला ठाऊक. बाळाने तुला फोन केलान तेव्हा तू म्हणालास, दगड अंगावर येईल. ते खरंच ना? त्या दिवशी पट्ट्या काढून लिफ्ट चालू केली असती तर दगड पडला असता ना? म्हणजे लिफ्टचा मार्ग नव्हताच. उरला जिना, आणि जिन्यावर मी. ते एकदा नक्की झालं की मी त्याच्याबरोबर राहायला शिकेन. रोज नवीन विचार तरी येणार नाहीत."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एका 'हो'त महिपतचं नाव राहत होतं, काम राहत होतं, जिल्ह्यातला एकुलता कारागीर म्हणून मिरवायची जागा राहत होती. आणि त्याच एका 'हो'त या म्हाताऱ्याच्या छातीवर बायकोचं मरण जन्मभरासाठी बसणार होतं. विचारणारा तर स्वतःच उत्तर पुढे करत होता. महिपतने तोंड उघडलं. 'हो' जिभेवर आलं होतं.

"नाय काका," तो म्हणाला. "पडला नसता."

दत्तात्रेयांनी मान वर केली.

"गोंद शुक्रवारी दुपारीच सुकलेला. मी नख लावून बघितलाव. चार पट्ट्या काढायच्या ऱ्हायल्या व्हत्या नुसत्या. बाळानं पन काढल्या असत्या. शनवारी आमच्याकडं पालखी येनार व्हती, नि शिमग्याला जातो म्हनून सांगायचा तोंड नव्हता माजा. म्हनून ओला हाय म्हनालो. बाळाचा फोन आला तवा पन खोटंच बोल्लो." त्याने लिफ्टच्या दाराकडे बोट केलं. "लिफ्ट चालू व्हती काका. मी ती बंद ठेवली."

आता हा माणूस पेला तोंडावर फेकेल, निदान एक मुस्काटात तरी ठेवून देईल, असं महिपतला वाटलं. त्याला ते हवं होतं. दत्तात्रेयांनी पेला मांडीवरच ठेवला. खालचा मिक्सर पुन्हा चालू झाला, पुन्हा थांबला.

"पालखी किती वाजता आली तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

"अकराला."

"आणि गेली किती वाजता?"

"साडेअकराच्या पुढं."

"म्हणजे त्या वेळेला अंगणातच होती. गाऱ्हाणं घातलंत?"

"व्हय."

"तू काय मागितलंस?"

महिपतच्या डोळ्यांसमोर ते अंगण आलं, नारळ हातात धरून उभा असलेला गुरव, मागे हात जोडलेली आई आणि प्रत्येक वाक्यानंतर एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणणारी वाडी. गुरवाने सगळ्यांच्या वतीने सगळं मागून झाल्यावर त्याला विचारलं होतं, तुजा काय आसंल तर बोल. तो बोलला होता.

"माज्या हातच्या कामानं कुनाचा वाईट व्हऊ नये," तो शेवटी म्हणाला. "असा मागितला."

दत्तात्रेयांनी पेला जमिनीवर ठेवला आणि कठड्याला धरून उठले.

"दोन महिने मी इथे बसतोय," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि महिपतला त्याचीच भीती वाटली. "दार उघडतं, मी बोलतो, ती बघतसुद्धा नाही. मी समजत होतो, माझ्यावर रागावल्येय. ती माझी वाट बघतच नाहीये. मी तर तिच्याजवळ होतो. ती लिफ्टची वाट बघत्येय. तू बंद ठेवलेलीस ना? मग उद्या तू ये."

"काका…"

"तू ये," ते म्हणाले आणि एकेक पायरी चढत वर गेले. दार लागल्याचा आवाज आला.

महिपतने खाली येऊन सलिलला फोन लावला. दगड आज काढत नाही म्हणाला, आणि का ते सगळं सांगितलं, शुक्रवारपासून. सलिल म्हणाला, "मी याच्यावर आत्ता काही बोलू शकत नाही," आणि फोन ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं असणार. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. महिपतने दोन महिने झाकलं, एवढंच. रात्री त्याने राजश्रीला सांगितलं. ती भाकरी थापता-थापता थांबली आणि म्हणाली, "उद्या जा तुमी. न जाऊन चालनार नाय."

दुसऱ्या दिवशी बाळाने मान वर केली नाही. तो फोन त्यानेच केला होता, आणि ते उत्तर त्यानेच बाईंना सांगितलं होतं. महिपत त्याच्यासमोर थोडा वेळ उभा राहिला. मग केबिनमध्ये गेला आणि दगडाकडे पाठ करून उभा राहिला.

अकरा वीसला त्याने काही दाबलं नाही. दार आपोआप मिटलं. पायाखालची जमीन वर निघाली. पळून जावं असं वाटलं, पण लिफ्टमधून पळणार कुठे. तिसऱ्या मजल्याचा आकडा आला आणि दार उघडलं.

समोर कोणी नव्हतं. स्टूल नव्हतं, पेला नव्हता, दत्तात्रेय नव्हते. जिन्याची रिकामी पायरी होती आणि तिच्यावर जाळीतून आलेलं ऊन पडलं होतं. पण दार मिटत नव्हतं. कोणीतरी खूप दमून बसलंय आणि उठायला वेळ लागतोय, हे महिपतला इतकं स्पष्ट कळलं की त्याचे डोळे भरून आले. माफी मागायची असं त्याने रात्रभर घोकलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना.

तो एका बाजूला सरकला आणि दाराजवळच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला. दार हाताने धरून ठेवलं.

"या बाई," तो म्हणाला. "सावकाश या. मी दार धरलाय."

हात भरून आला तरी त्याने तो काढला नाही. किती वेळ गेला ते त्याला पुढे कधीही सांगता आलं नाही. मग त्याच्या दंडाला काहीतरी लागल्यासारखं झालं, गर्दीत एखाद्याचा पदर लागतो तेवढंच. त्याने हात सोडला. दार मिटलं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर जायला निघाली.

चौथ्या मजल्यावर दत्तात्रेय आगाशे आपल्या उघड्या दारात उभे होते. लिफ्टचा आवाज ऐकूनच ते बाहेर आलेले असावेत; पायांत चपला नव्हत्या. त्यांनी महिपतकडे बघितलंच नाही. ते त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू निवळत गेला.

"आलीस?" ते म्हणाले, आणि वाट देण्यासाठी दार धरून बाजूला झाले.

थोड्या वेळाने ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. महिपतला कोणी आत बोलावलं नाही. तो लिफ्टमधून बाहेर आला आणि चार मजले जिन्याने उतरून गेला.